मोडेम लागत नाही? आधी फोन कानाला लावा

डायल-अप, म्हणजे फोनच्या लाइनवरून मोडेमने जोडायचं इंटरनेट, लागत नसेल तर लगेच विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरू नका. त्याच लाइनवरचा फोन उचला आणि ऐका. टोन स्वच्छ हवा. गोव्याच्या पावसात खरखर येत असेल तर दोष बहुतेक वेळा संगणकात नसतोच. भिंतीवरची डबी उघडा, स्क्रूखालच्या तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसेल. तारेचं टोक कापा, नवं सोलून घट्ट आवळा. कळंगुट-मोरजीकडे खारा वारा असतो, तिथे तर पावसाळा सरला की हे बघावंच. घंटी वाजताना या तारेत झटका बसण्याइतका विजेचा दाब असतो, तेव्हा उघड्या तारा बोटांत धरू नका.

टोन ठीक आहे, तरी पडद्यावर ‘नो डायल टोन’? भिंतीकडची वायर मोडेमच्या ‘फोन’ नव्हे, ‘लाइन’ खाचेतच हवी. कॉल डायव्हर्ट चालू असेल तर टोन वेगळा येऊ शकतो आणि मोडेमला तो कळत नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘वेट फॉर डायल टोन’ची खूण काढून बघा.

हायपरटर्मिनलमध्ये (मोडेमला थेट आज्ञा देण्याचा हा प्रोग्राम विंडोज एक्सपीपर्यंत विंडोजसोबतच यायचा) ‘एटी’ (AT) टाइप करून एंटर दाबलं आणि ‘ओके’ आलं, तर मोडेम जिवंत.

मध्येच तुटतं? आतल्या खोलीतला दुसरा फोन कोणीतरी उचलला असेल, नाहीतर कॉल वेटिंगची पीप. वेगाचं म्हणाल तर सेकंदाला ५६ किलोबिट खोक्यावरच राहतात; चाळिशी गाठली तरी पुष्कळ.

विजा कडाडू लागल्या की फोनची वायर काढाच. नुसता विजेचा प्लग काढून मोडेम वाचत नाही.