बेडरूममधील जुनी मोझॅक फरशी बदलताना

महाराष्ट्रातील शहरांत काही दशकांपूर्वी बांधलेल्या असंख्य घरांच्या बेडरूममध्ये आजही मोझॅकची फरशी आहे. ती बदलायची ठरल्यावर घरातल्यांचे सारे लक्ष नव्या टाइलच्या रंगाकडे आणि चकाकीकडे जाते. परंतु फरशी टिकते ती तिच्या खालच्या थरामुळे, आणि म्हणून मेहनत व पैसा आधी तिथे घालावा.

सुरुवातीला लाकडी हातोडीने प्रत्येक लादी वाजवून पाहावी. आवाज भरीव येत असेल, लाद्या खचलेल्या नसतील आणि तक्रार केवळ डागांची किंवा निस्तेजपणाची असेल, तर यंत्राने घासून पॉलिश करून घेणे पुरेसे असते, कारण मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवराचे तुकडे असतात व घासल्यावर ते पुन्हा उजळतात. चांगली फरशी उगाच फोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फरशी घट्ट असून केवळ रूप बदलायचे असेल, तर तिच्यावरच नवी टाइल चिकटवता येते. मात्र त्यामुळे पातळी साधारण 12 ते 15 मिलिमीटरने वाढते आणि दारे खालून तासावी लागतात. लाद्या पोकळ वाजत असतील किंवा खचल्या असतील, तर जुनी फरशी काढण्यावाचून पर्याय नाही.

फोडण्याआधी सोसायटीला लेखी कळवावे आणि फरशीखालून पाण्याचे पाइप किंवा विजेच्या वायरी गेल्या आहेत का, याची खात्री करून घ्यावी. दाराजवळच्या किंवा तडा गेलेल्या लादीपासून छिन्नीने सुरुवात करावी. वरच्या मजल्यावर जड ब्रेकर वापरून स्लॅबला हादरे देऊ नयेत. धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे पाणी शिंपडत काम करावे व साध्या रुमालाऐवजी एन-95 मास्क लावावा. 10 बाय 12 फुटांच्या खोलीतून लाद्या आणि खालचा माल मिळून टनाहून अधिक राबिट निघू शकते. ते एका कोपऱ्यात रचून स्लॅबवर भार टाकू नये, रोजच्या रोज खाली न्यावे.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते) चारही भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा कराव्यात आणि त्यांवरून खाली मोजून सिमेंट-वाळूच्या थराची उंची ठरवावी. बेडरूमला लागून बाथरूम असेल, तर बेडरूमची फरशी बाथरूमच्या फरशीपेक्षा उंच राहिलीच पाहिजे. हा थर आठवडाभर पाण्याने भिजवावा आणि नंतर पुरता वाळू द्यावा; इथे घाई केल्यास पुढे टाइल सुटतात.

व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल, पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे ती नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटवर) नीट धरत नाही. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त टाइल अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवण्याचा तयार माल) घ्यावे आणि पोत्यावर आयएस 15477 हा मानक क्रमांक पाहावा. गवंडी अॅडहेसिव्हचे पाच गोळे ठेवून टाइल दाबत असेल, तर त्याला थांबवावे, कारण मधल्या पोकळीवर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. दातेरी थापीने संपूर्ण पृष्ठभागावर माल पसरला पाहिजे.

120 चौरस फुटांना 2 बाय 2 फुटांच्या 30 टाइल लागतात. तुटफुटीसाठी आणखी तीन-चार घ्याव्यात आणि सर्व खोक्यांवरचा बॅच व शेड क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. टाइल आधी कोरड्या मांडून पाहाव्यात, म्हणजे कापलेले तुकडे पलंगाखाली किंवा कपाटामागे जातील. काटकोन साधण्यासाठी कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फूट व दुसरीवर 4 फूट मोजावे. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर 5 फूट यावे. दोन टाइलमध्ये स्पेसर लावून 2 मिलिमीटर फट ठेवावी. भिंतीलगतही थोडी मोकळी जागा सोडावी, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीखाली, झाकली जाते.

किमान 24 तासांनी टाइल वाजवून पाहाव्यात, पोकळ वाजणारी टाइल लगेच काढून पुन्हा बसवावी आणि मगच फटींमध्ये ग्राउट (फटी बुजवण्याचा माल) भरावे. जड कपाटे आत आणण्यापूर्वी अॅडहेसिव्हच्या पोत्यावर लिहिलेली मुदत पूर्ण होऊ द्यावी.