पेरणीआधी जिवाणू संवर्धक, फुलोऱ्यात गाठींची तपासणी

पेरणी तोंडावर आली की बियाणे आणि खतांची धावपळ सुरू होते. जिवाणू संवर्धकाचे, म्हणजे बियाण्याला चोळायच्या उपयुक्त जिवाणूंचे, पाकीट मात्र उन्हात खताच्या गोणीवर पडून राहते. त्यातले जिवाणू जिवंत असतात, उन्हाने मरतात. पाकीट सावलीत, गारव्याला ठेवा आणि वापराची अंतिम तारीख तपासा.

पाकिटावर पीक कोणते लिहिले आहे, तेही नीट वाचा. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारा रायझोबियम जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. तृणधान्यांना ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम हे जिवाणू द्या. ॲझोस्पिरिलम मुळांजवळ ऑक्झिन हे संप्रेरक तयार करतो, त्यामुळे मुळांना फाटे जास्त फुटतात आणि पाणी, अन्नद्रव्ये जास्त उचलली जातात. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. जमिनीत मुळात स्फुरदच कमी असेल, तर त्यांच्या भरवशावर खत बंद करू नका.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणात कालवून हलक्या हाताने चोळा. सोयाबीन आणि भुईमुगाला विशेष जपा, त्यांच्या दाण्यावरची पातळ साल लगेच सुटते. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

खरी परीक्षा फुलोऱ्याच्या सुमारास होते, आणि ती फार थोडे जण घेतात. कडधान्याचे किंवा सोयाबीनचे झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा, पाण्यात भिजवून माती सोडवा आणि चार-पाच गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर हवेतला नत्र पिकाला मिळतो आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. आत पांढऱ्या असल्या, तर गाठी नुसत्या नावाला आहेत. हिरवट किंवा तपकिरी गाठींचे काम संपलेले असते.

पेरताना युरियाचा हात सैल सुटला असेल, तर गाठी कमीच दिसतील. आयता नत्र मिळाला की पीक गाठी धरत नाही. गाठी पांढऱ्या आणि पानेही पिवळी पडली असतील, तर या हंगामात नत्राचा हलका हप्ता द्या. पुढच्या पेरणीआधी मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या. जमीन आम्लधर्मी निघाली तर चुना द्यावा लागेल.