एमएसएक्सवरचा ग्रॅडियस कसा खेळायचा: कॅप्सूल कधी वापरायची, कधी धरून ठेवायची

कोनामी या जपानी कंपनीचा ग्रॅडियस, म्हणजे विमान उडवत शत्रूंना गोळ्या मारायचा गेम, 1985 ला जपानच्या आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आला आणि पुढच्याच वर्षी एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरवर, युरोपात तोच गेम नेमेसिस नावाने विकला गेला. बरेच जण पाच मिनिटं खेळतात, स्क्रीन धक्के देत सरकते म्हणून वैतागतात आणि बंद करतात. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण हा गेम हाताच्या स्पीडपेक्षा निर्णयाचा आहे, आणि ते कळलं की मग सोडवत नाही.

आधी चालू कसा करायचा ते. खरं मशीन आणि कार्ट्रिज असेल तर प्रश्नच नाही, नाहीतर ओपनएमएसएक्स हा एम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या, फुकट आहे आणि त्याच्यासोबत सी-बायोस येतं त्यामुळे मूळ मशीनचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, शोधत बसावं लागत नाही. गेम मात्र कोनामीच्या मालकीचा आहे, तेव्हा जुनं कार्ट्रिज विकत घ्या किंवा 1997-98 मध्ये प्लेस्टेशन आणि सॅटर्नवर निघालेलं कोनामी अँटिक्स एमएसएक्स कलेक्शन शोधा, सेकंडहँड मिळून जातं. एम्युलेटरमध्ये मीडिया मेन्यूतून कार्ट्रिज स्लॉट ए मध्ये गेम लावायचा, बाण की ने विमान हलतं आणि स्पेसने गोळी सुटते, पण गेमपॅड असेल तर तोच लावा कारण पॉवर घ्यायचं दुसरं बटण सारखं लागतं आणि ते अंगठ्याखाली असलेलं बरं. एफ वन म्हणजे पॉज.

आता ते धक्के. पहिल्या पिढीच्या एमएसएक्समधल्या व्हिडिओ चिपला स्क्रीन पिक्सेल पिक्सेल सरकवण्याची सोयच नव्हती, चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांनी बनायचं म्हणून जमीन एका वेळी 8 पिक्सेल उडी मारते, तुमचं विमान आणि शत्रू मात्र स्प्राइट, म्हणजे जमिनीपासून वेगळी हलणारी छोटी चित्रं, असल्यामुळे मऊ सरकतात. याचा खेळताना उपयोग करायचा तो असा की डोंगर किंवा भिंतीला कधी चिकटून उडायचं नाही, निदान एका चौकोनाची जागा सोडायची, नाहीतर पुढच्या उडीला भिंत सरळ तुमच्या नाकावर. आणि एका आडव्या ओळीत 4 च स्प्राइट दिसू शकतात, म्हणून गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात. तेव्हा गोळी दिसेनाशी झाली म्हणजे गेली असं समजू नका, ती जिथे असायला हवी तिथून लांब राहा.

खरा गेम स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आहे. स्पीड अप, मिसाईल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे शील्ड. एका रांगेत येणारी अख्खी टोळी मारली किंवा लाल रंगाचा शत्रू मारला की कॅप्सूल मिळते, प्रत्येक कॅप्सूलला पट्टीवरची खूण एक घर पुढे जाते, आणि दुसरं बटण दाबलं की ज्या घरात खूण आहे ती पॉवर मिळून खूण पुन्हा शून्यावर. म्हणजे स्पीडला 1 कॅप्सूल, मिसाईलला 2, लेझरला 4, ऑप्शनला 5. टोळीतलं एक जरी सुटलं तरी कॅप्सूल गेली, त्यामुळे सुरुवातीच्या मोकळ्या आकाशात एकही टोळी अर्धवट सोडायची नाही, तिथे जी कमाई होते त्यावर पुढची अख्खी स्टेज अवलंबून असते.

माझा क्रम सांगतो. पहिली कॅप्सूल लगेच स्पीडला, कारण मूळ विमान फारच संथ आहे. मग मिसाईल, ती खाली पडून जमिनीवरून घसरत जाते आणि तोफा साफ करते. त्यानंतर मोह होतो डबलचा, नवीन माणूस तिथेच फसतो. डबलची दुसरी गोळी तिरकी वर जाते, छतावरच्या तोफांना चांगली आहे, पण डबल आणि लेझर एकत्र मिळत नाहीत, एक घेतलं की दुसरं जातं. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या घरावर खूण आली तरी बटणाला हात लावू नका, दात ओठ खाऊन पाचवी येईपर्यंत थांबा आणि ऑप्शन घ्या. ऑप्शन म्हणजे तुमच्या मागे फिरणारा चमकता गोळा जो तुम्ही मारता तेच मारतो आणि त्याला कोणी मारू शकत नाही. एमएसएक्सवर असे 2 मिळतात. मग लेझर, मग शील्ड. स्पीड दोनदा घेतलं की पुरे, तिसऱ्यांदा घेतलं की अरुंद जागेत विमान हातात राहत नाही.

ऑप्शन वापरायची एक पद्धत आहे जी कोणी सहसा सांगत नाही. ते तुमच्या वाटेवरूनच मागे येतात आणि तुम्ही थांबलात की तेही आहेत तिथेच थांबतात. त्यामुळे सरळ वर जा आणि थांबा, दोन्ही गोळे तुमच्या खाली उभ्या रांगेत राहतील आणि लेझर असेल तर तीन उंचीवरून एकाच वेळी मारा होतो. बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू, यायच्या आधी हे करून ठेवायचं.

पहिल्या स्टेजच्या शेवटी ज्वालामुखी फुटतात. त्यांच्या तोंडावर थांबू नका, मागे राहा, दगड वर जाऊन कमान करून खाली येतात त्यामुळे मागून ते यायला वेळ लागतो आणि मारता येतात. मग बिग कोअर नावाचा बॉस येतो, त्याच्या पोटात मधोमध गाभा असतो आणि त्याच्या पुढे पडदे, तेव्हा त्याच उंचीवर राहून पडदे फोडत जायचं, त्याने मारा केला की सरकायचं आणि परत मधे यायचं. मोआई पुतळ्यांच्या स्टेजला पुतळ्याचं तोंड उघडतं तेव्हाच त्याला मार लागतो, बंद तोंडावर गोळ्या वाया घालवू नका. पुढे हाडांची एक स्टेज आहे जी आर्केडमध्ये नव्हती, एमएसएक्ससाठी खास केलेली, आणि मला तर ती फार आवडते.

मेलात की सगळी पॉवर जाते आणि थोडं मागून सुरुवात होते, हीच या गेमची सगळ्यात कडक बाजू. तेव्हा घाबरून पुढे पळायचं नाही, पहिली कॅप्सूल स्पीडला आणि दुसऱ्या टप्प्यात सरळ ऑप्शनसाठी साठवायचं. सरावासाठी ओपनएमएसएक्समध्ये पेज अप दाबलं की गेम थोडा मागे जातो, एकच अवघड जागा परत परत खेळून बघता येते. आणि पॉज करून एच, वाय, पी, ई, आर ही अक्षरं टाईप करून एंटर मारून पॉज काढला की सगळ्या पॉवर मिळतात, कोनामीनेच ठेवलेली सोय आहे, अडलात तर बिनधास्त वापरा.

अजून एक गंमत, मशीन चालू करायच्या आधी दुसऱ्या स्लॉटमध्ये ट्विनबी हा कोनामीचाच दुसरा गेम लावा, मग नेहमीच्या व्हिक व्हायपर या विमानाऐवजी ट्विनबीचं विमान घेऊन हाच गेम खेळता येतो.

शेवटपर्यंत पोचलात की 1987 चा नेमेसिस 2, म्हणजे याचाच पुढचा भाग, घ्या. त्याच्या कार्ट्रिजमध्ये एससीसी नावाची जास्तीची साउंड चिप आहे त्यामुळे म्युझिक एकदम भारी, आणि त्यात बॉस मारल्यावर फुटणाऱ्या जहाजाच्या आत शिरून नवीन हत्यार आणायचं असतं, तेव्हा बॉस मेला म्हणून हात खाली ठेवू नका, लगेच आत घुसा.