पीएस५ घ्यायचा की पीसी बांधायचा? आधी चार वर्षांचा हिशोब लावा

पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) ५५ हजार, बरा गेमिंग पीसी ७५ हजार, म्हणजे कन्सोल स्वस्त, विषय संपला, असं म्हणून लोक पैसे भरून मोकळे होतात आणि खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. खोक्यावरची किंमत सोडा. वही घ्या आणि चार वर्षांत मशीन, गेम्स, सबस्क्रिप्शन, स्क्रीन मिळून किती जाणार ते लिहा.

आधी कन्सोल. एप्रिल २०२४ ला पीएस५ स्लिम भारतात आला तेव्हा डिस्कवाला (ज्यात गेमची डिस्क टाकता येते) ५४,९९० आणि डिजिटल (ज्यात गेम फक्त ऑनलाइन स्टोअरमधून घ्यायचे) ४४,९९० ला होता. हे दहा हजार वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे डिस्कवालाच घ्यावा. सोनीचा नवा मोठा गेम साधारण ५ हजारांना येतो. वर्षाला तीन धरले तर चार वर्षांत ६० हजार, म्हणजे अजून एक पीएस५ झाला की! तेच सेकंडहँड डिस्क समजा २,५०० ला घेतली, गेम संपवला आणि १,८०० ला पुढे विकली, तर तो गेम ७०० ला पडला, बारा गेम्सचे साडेआठ हजार पण होत नाहीत. डिजिटलवाल्याला वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडल्याशिवाय ही सोयच नाही, त्याने फक्त स्टोअरच्या सेलची वाट बघायची. त्यात मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचं तर सोनीचं पीएस प्लस सबस्क्रिप्शन लागतं (फोर्टनाइटसारख्या फुकट गेम्सना नाही लागत), वर्षाचे ४ हजार धरा, म्हणजे चार वर्षांचे १६ हजार. एकूण नवे गेम्स घेणाऱ्याचे १ लाख ३१ हजार, डिस्क फिरवणाऱ्याचे ७९-८० हजार. मशीन तेच, फरक ५० हजारांचा.

आता पीसी. सीपीयू (म्हणजे आतल्या पार्ट्ससकट अख्खा डबा) ७५ हजार, मॉनिटर ११, कीबोर्ड-माउस-हेडफोन ४, यूपीएस ४, झाले ९४ हजार. ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे नाहीत, स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये जुने चांगले गेम्स हजाराच्या आतबाहेर मिळतात, एपिक हे तसंच दुसरं दुकान दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं. बारा गेम्सचे १२ हजार धरले तर १ लाख ६ हजार. पीसीचा गेम नंतर विकता येत नाही हे खरं, पण स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, त्यामुळे आपल्या पीसीवर गेम नीट चालतोय का ते आधी तपासता येतं.

आता वहीत अजून एक ओळ घाला, जी बरेच जण विसरतात. घरात अभ्यासाला, कामाला कॉम्प्युटर लागणारच आहे का? लागणार असेल तर कन्सोलच्या बाजूला साध्या लॅपटॉपचे ३५ हजार मिळवा, मग डिस्क फिरवणाऱ्याचा आकडा पण १ लाख १४ हजारांवर जातो आणि पीसी स्वस्त ठरतो. लॅपटॉप आधीच असेल तर कन्सोलला तोड नाही. फक्त टीव्ही कोणाच्या ताब्यात असतो ते बघा, संध्याकाळी ७ ते १० हॉलमध्ये सिरीयल चालू असेल तर कन्सोलसाठी पण मॉनिटर घ्यावा लागणार, ते ११ हजार आत्ताच लिहून टाका.

पीसी घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, 'आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, फक्त १८ हजार' अशी जाहिरात दिसली की एकच प्रश्न विचारायचा, कितव्या जनरेशनचा? बहुतेक वेळा आत तिसऱ्या जनरेशनचा म्हणजे २०१२ चा प्रोसेसर आणि जीटी ७३० हे जुनं ग्राफिक कार्ड निघतं. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट या गेमला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय, जी एवढ्या जुन्या मशीनमध्ये नसते) लागतं, म्हणजे ज्या गेमसाठी घेतला तोच अडकायचा. कोटेशन घेताना प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. नुसतं '५०० वॅट एसएमपीएस' (पीसीचा पॉवर सप्लाय) असं लिहिलं असेल तर कंपनीचं नाव मागा, दुकानदार पैसे वाचवतो ते नेमके तिथेच. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅम भलतीच महागली आहे, तेव्हा वर्षभर जुने बजेट व्हिडिओ बघून आकडे ठरवू नका.

लाइट बिलाचं फार टेन्शन घेऊ नका, रोज दोन तास खेळलात तर पीएस५ चे महिन्याला १२ युनिट, पीसीचे २० च्या आसपास, फरक शंभर रुपयांच्या आत.

हे सगळं झाल्यावर गेम्सची यादी बघा, कारण काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ पीसीवरच आहेत, आणि जीटीए ५ कन्सोलवर २०१३ ला आला तर पीसीवर २०१५ ला. सोनीचे गेम्स पण पीसीवर उशिरा आले, स्पायडरमॅन २ ला सव्वा वर्ष लागलं. थांबायची तयारी असेल तर पीसीवाल्याचा फायदाच, तोपर्यंत सेल पण लागतो.

सेकंडहँड कन्सोल घेत असाल तर समोर डिस्क टाकून अर्धा तास गेम चालवा, फॅनचा आवाज ऐका, कंट्रोलरची स्टिक सोडल्यावर कॅरेक्टर आपोआप सरकत नाही ना बघा, आणि वायफायला जोडून तुमच्या अकाउंटने लॉगिन करा, कारण बॅन झालेला (सोनीने ऑनलाइन बंद केलेला) कन्सोल बाहेरून अगदी नवा दिसतो. बिल आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर जुळला की मगच यूपीआय उघडा.