पद्मिनी बंद कधी झाली? सालावरून पेटलेलं भांडण मिटवायचं कसं

आम्ही सातआठ जण मिळून फियाट-पद्मिनी या जुन्या गाडीचा मॉडेलवार इतिहास एका शेअर्ड शीटमध्ये भरतोय. पहिल्याच महिन्यात एकाने लिहिलं गाडी 2000 साली बंद झाली, दुसऱ्याने ते खोडून 2001 केलं, तेवढ्यात तिसरा उगवला, म्हणे अहो मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झालीय, मग गाडी 2001 ला बंद कशी? झालं, रात्री साडेबारापर्यंत तेच.

गंमत म्हणजे तिसऱ्याचं खरंच होतं. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे म्हणून ती गाडी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, सगळ्या पेपरांत आलं होतं. पण प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडणं वेगळं आणि आरटीओत नंबर मिळणं वेगळं, मध्ये गाडी कुठेतरी पडून राहू शकते ना. म्हणजे तिघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते आणि भांडत होते एकाच कॉलमवरून.

तर पहिलं काम हे करा, 'साल' नावाचा कॉलम उडवा. त्याजागी चार करा: घोषणा कधी, उत्पादन कधी, विक्री कधी, नोंदणी कधी. आमची निम्मी भांडणं इथेच संपली, खोटं नाही सांगत.

दुसरी भानगड नावाची. आधी फियाट 1100 डिलाइट, मग थोडे दिवस प्रीमियर प्रेसिडेंट, मग 1974 पासून पद्मिनी. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत फियाटच. त्यामुळे कोणी आजोबा म्हणाले की आमची 70 सालची पद्मिनी होती तर ते काही खोटं बोलत नाहीयेत, घरात डिलाइट होती आणि नाव नंतरचं चिकटलं एवढंच. अशा वेळी त्यांना चूक ठरवत बसू नका, दारं कुठल्या बाजूला उघडायची ते विचारा. पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, असतील तर ती त्याही आधीची, कदाचित गोल पाठीची, जिला आपण डुक्कर फियाट म्हणतो. टोपणनावांचा वेगळा कॉलम ठेवा, मॉडेलच्या नावात घुसडू नका.

आता पुरावा. दहा वेबसाइटवर एकच साल दिसलं म्हणजे दहा पुरावे नव्हेत. वाक्य शब्दन् शब्द सारखं असेल तर एकाने लिहिलं आणि नऊ जणांनी उचललं असं समजा आणि एकच धरा. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला तो पार्ट्स कॅटलॉग, कारण अमुक चेसिस नंबरपासून (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) पार्ट बदलला असं त्यात छापलेलं असतं. जुन्या पेपरातल्या जाहिरातीवर तारीख पक्की असते, पण जाहिरात आली म्हणजे गाडी शोरूमला आली असं होत नाही, त्या काळात तर बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक. आरसी बुक चांगलं, फक्त डुप्लिकेट काढलेलं असेल तर डोळे उघडे ठेवून वाचा, पुन्हा टाइप करताना आकडे बदलतात.

आणि खुद्द गाडी? ती सगळ्यात बेभरवशाची साक्षीदार हो. आमच्यातल्या एकाने फोटो टाकला, फ्लोअर गिअर, म्हणजे हे व्हेरिएंट कंपनीनेच काढलं होतं म्हणे. नंतर कळलं त्याच्या वडिलांनीच गॅरेजात हँडलचा, म्हणजे स्टिअरिंगजवळचा, गिअर काढून खाली बसवून घेतला होता. चाळीस वर्षं मेकॅनिकच्या हाताखालून गेलेली गाडी आहे, एकीवरून काही ठरवू नका, जवळच्या चेसिस नंबरच्या आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोनतीन गाड्या बघा.

'पहिली' हा शब्द दिसला की थांबा. मारुती 800 ची पहिली चावी 14 डिसेंबर 1983 ला दिली गेली, याच्यावर वाद नाही. पण 'भारताची पहिली स्वदेशी कार' म्हटलं की टाटा इंडिकावाले आणि प्रीमियरवाले बाह्या सरसावतात. डिझाइन इथलं की पार्ट इथले, हे आधी लिहा, नाहीतर शब्दच काढा. आम्ही काढला.

राहता राहिला नियम. दुसऱ्याने भरलेलं खोडायचं नाही, सेल पिवळा करायचा आणि कॉमेंटमध्ये 'कशावरून' ते लिहायचं, नुसतं 'मला माहितीये' चालणार नाही. आठ दिवस थांबायचं. मतदान अजिबात नको, पाच जणांनी हात वर केले म्हणून गाडी त्या साली बनत नाही. शीट ज्याने बनवलं त्याचाही शब्द शेवटचा नाही (हे मला जड गेलं, शीट माझं आहे). कागद नाहीच मिळाला तर दोन्ही सालं, आणि पुढे कोण कशावरून म्हणतंय ते.

उत्पादन बंद होण्याच्या सेलमध्ये सध्या 2000 आणि 2001 दोन्ही आहेत. मी मागच्या आठवड्यात गुपचूप पिवळा रंग काढायला गेलो तर ग्रुपमधल्या काकांनी दहा मिनिटांत परत लावला, खाली कॉमेंट, "कशावरून?"