फोटो कुठं दाखवायचा, कुठं नाही: वर्डप्रेसच्या फीचर्ड इमेजचा बंदोबस्त

“दादा, चप्पल दोनदा दिसायला लागलीय.” असा फोन आला की पुढचं ऐकायची मला गरज पडत नाही. दुकानदारानं साइटला नवी थीम, म्हणजे नवं रंगरूप, टाकलेलं असतं. जुन्या लेखांत फोटो मजकुराच्या पहिल्या ओळीतच चिकटवलेला. नवी थीम फीचर्ड इमेज, म्हणजे लेखाला वेगळा जोडलेला मुख्य फोटो, आपणहून शीर्षकाखाली मोठी करून दाखवते. मग एकच कापशी चप्पल वर एकदा, खाली एकदा.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत बसून मी वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या अशा साइट सांभाळतो. गुळाचे व्यापारी, चपलेची दुकानं, एक-दोन बातम्यांची पोर्टल. सगळ्यांचं दुखणं एकच आणि सगळ्यांनी आधी करून बघितलेले उपायही तेच दोन. पहिला म्हणजे फीचर्ड इमेज काढूनच टाकणं. काढली की मुखपृष्ठावरचा चौकोन रिकामा, विभागाच्या यादीत नुसती अक्षरं आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकली तर तिथंही बहुतेक वेळा फोटो नाही. दुसरा म्हणजे सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये, ‘डिस्प्ले नन’ (दाखवू नको) लिहिणं. त्यानं फोटो डोळ्याआड होतो, पण ब्राउझर बहुतेक वेळा तो उतरवून घेतोच. त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस पानावरच्या पहिल्या मोठ्या फोटोला ‘हा आधी आण’ अशी खूण लावतं. म्हणजे जो फोटो कुणाला दिसणारच नाही, तोच गगनबावड्याच्या कमजोर रेंजवर सगळ्यांच्या पुढं घुसतो.

१. फोटो नेमका कुठून हटवायचाय?

फीचर्ड इमेज चार ठिकाणी दिसते: मुखपृष्ठ आणि याद्या, लेखाचं स्वतःचं पान, लेखाखालचे ‘हेही वाचा’चे चौकोन आणि शेअर केलेली लिंक. तुम्हाला बहुधा फक्त दुसऱ्या ठिकाणाहून ती हटवायची असते. बाकीच्या तिघांना हात लावू नका.

२. ब्लॉक थीम असेल तर

म्हणजे पानाचे तुकडे (ब्लॉक) एडिटरमध्येच काढता-लावता येणारी थीम असेल, तर सुटलात. ॲपिअरन्समध्ये एडिटर, त्यात टेम्प्लेट्स (पानांचे साचे), त्यात सिंगल पोस्ट्स उघडा. डावीकडच्या लिस्ट व्ह्यूमध्ये फीचर्ड इमेजचा ब्लॉक निवडा, डिलीट करा, सेव्ह करा. काही लेखांत फोटो हवाच असेल तर ‘फोटोसह’ नावाचं दुसरं टेम्प्लेट करा आणि त्या लेखांच्या उजव्या पट्टीतून ते लावा. जास्त लेखांना जे लागतं ते मूळ टेम्प्लेटमध्ये ठेवायचं, थोड्यांना लागतं ते वेगळ्या टेम्प्लेटमध्ये. उलटं केलंत तर जन्मभर लेख उघडून टेम्प्लेट बदलत बसाल.

३. जुन्या पद्धतीची थीम असेल तर

कस्टमायझरमध्ये, म्हणजे थीमच्या सेटिंग्जच्या पानावर, सिंगल पोस्टचे पर्याय बघा. बऱ्याच थीममध्ये तिथंच फीचर्ड इमेज बंद करता येते.

४. काही लेखांत हवी, काहींत नको

इथं मी मार खाल्लाय, म्हणून इथं जरा थांबतो.

एका बातम्यांच्या पोर्टलवर पावसाळ्यात रोज राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी टाकतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. वाचक येतो तो एका आकड्यासाठी. मोबाइलवर मात्र आधी ढांगभर फोटो, आणि आकडा खाली अंगठा घासल्यावर. मालकाचं म्हणणं रास्त होतं: एवढ्याच बातम्यांत फोटो वर नको, बाकी बातम्यांत राहू दे.

असे मोजके लेख वगळायला ‘पोस्ट थंबनेल एचटीएमएल’ नावाचा फिल्टर आहे. थीम फोटो छापायला निघते तेव्हा तो मधे उभा राहतो. त्यानं रिकामं परत पाठवलं की फोटो छापलाच जात नाही. मी अट लिहिली: पान एकट्या लेखाचं आहे का, आणि लेख पाणीपातळीच्या विभागातला आहे का? दोन्हीला हो, तर फोटो नको. रात्री चढवलं, एक बातमी उघडून बघितली, झकास. झोपलो.

सकाळी साडेसहाला फोन. बातमीखालच्या ‘हेही वाचा’मध्ये चारही चौकोन पांढरे. मी प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद-चालू केले, कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) पुसला, थंबनेल (छोटे फोटो) पुन्हा तयार केले. अर्धा दिवस गेला. चूक माझ्या अटीत होती. ‘पान एकट्या लेखाचं आहे का’ हे विचारणारा ‘इज सिंगल’ हा प्रश्न पानाबद्दल आहे, फोटोबद्दल नाही. पान एकट्या लेखाचं असेल तर त्या पानावरच्या प्रत्येक फोटोसाठी त्याचं उत्तर ‘हो’च येतं. विभागाचा प्रश्नही मी पानाच्या लेखालाच विचारला होता, त्यामुळे त्याचंही उत्तर ‘हो’. खालचे चार फोटो दुसऱ्याच लेखांचे होते, तरी माझा फिल्टर त्यांनाही गिळत होता.

इलाज एका ओळीचा आहे. फिल्टरला फोटोबरोबर त्या लेखाचा क्रमांकही मिळतो. तो आणि ‘गेट क्वेरीड ऑब्जेक्ट आयडी’नं मिळणारा उघडलेल्या पानाचा क्रमांक जुळवून बघा. जुळले तरच फोटो अडवा, नाहीतर आलेला आहे तसा परत द्या. यावर कुठलाही कोड कुठूनही उचला, पण त्यात ही तुलना नसेल तर तो वापरू नका. मला सापडलेल्या दहांपैकी आठांत ती नव्हती.

आता विभाग ओळखायचा कसा? नावावरून ओळखू नका. कुणीतरी ‘पाणीपातळी’चं ‘पाणी पातळी’ करतं आणि तुमची अट त्याच दिवशी मरते. स्लगवरही (पत्त्यात येणाऱ्या नावावरही) भरवसा नको, कारण मराठी नावाचा स्लग टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची रांगोळी होऊन बसतो. विभाग संपादनाला उघडा; वरच्या पत्त्यात ‘टॅग आयडी’पुढे एक आकडा दिसेल, तो वापरा. नाव कितीही बदललं तरी तो बदलत नाही.

काही जण प्रत्येक लेखाला ‘फोटो लपवा’ अशी टिक ठेवायला सांगतात. मी ठेवत नाही. पुराच्या दिवसात पहाटे बातमी टाकणारा माणूस गुडघाभर पाण्यातून ऑफिसला आलेला असतो. तो टिक करणार नाही. विभाग मात्र तो निवडतोच, कारण त्याशिवाय बातमी योग्य जागी जात नाही.

हा कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये लिहू नका, अपडेट आला की पुसला जातो. चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बसवलेल्या तुमच्या स्वतःच्या थरात, टिकतो, पण थीम बदलली की गेला. स्वतःचं चार ओळींचं प्लगइन करा.

आणखी दोन खाचखळगे. पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून फोटोच्या टॅगमध्ये ‘डब्ल्यूपी-पोस्ट-इमेज’ हा क्लास शोधा. तो असेल तर फोटो या फिल्टरमधून येतोय. त्याऐवजी फोटो ‘बॅकग्राउंड इमेज’ म्हणून लावलेला असेल, तर फिल्टर त्याला पकडणार नाही. थीमची फाइलच चाइल्ड थीममध्ये आणून दुरुस्त करावी लागेल. दुसरं, फोटो गेला पण जागा तशीच राहिली असेल, तर थीम ‘फोटो आहे का’ असं आधी वेगळं विचारते आणि चौकट छापून मोकळी होते. त्या प्रश्नालाही ‘हॅज पोस्ट थंबनेल’ नावाचा फिल्टर आहे, ५.१ आवृत्तीपासून. त्यालाही हीच अट लावा, क्रमांकाच्या तुलनेसकट.

५. कॅशे

पुसा. मग लॉगआउट करून, खासगी खिडकीत बघा.

६. व्हॉट्सॲप

लेखाच्या पानावरून फोटो हटला म्हणजे लिंकमधूनही हटला असं नाही. लिंकचा फोटो पानाच्या डोक्यातल्या ‘ओजी इमेज’ टॅगमधून येतो. तो सहसा एसइओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं, प्लगइन लिहितं, आणि फीचर्ड इमेजचा क्रमांक थेट उचलतं. ‘हॅज पोस्ट थंबनेल’चा फिल्टर लावला असेल तर तो काही प्लगइनच्या मधे येऊ शकतो, पण ‘पोस्ट थंबनेल एचटीएमएल’ त्याच्या वाटेत येत नाही, लिंकमध्ये फोटो राहतो. चपलेच्या दुकानाला तेच हवं असतं.

पाणीपातळीला मात्र तेच नडलं. त्या पोर्टलनं प्रत्येक बातमीला २०१९ च्या महापुराचा एकच फोटो लावला होता. पातळी ३१ फूट, आणि ग्रुपवर लिंकसोबत बुडालेल्या छपरांचा फोटो. पुण्या-मुंबईतल्या पोरांचे घरी फोन सुरू. लेखाच्या पानावर तर फोटो नव्हताच, त्यामुळे ऑफिसात कुणाला कळेना की घबराट कशाची.

अशा विभागाला फीचर्ड इमेज म्हणून बंधाऱ्याचा साधा, कोरड्या दिवसातला फोटो द्या. महापुराचा फोटो लेखाच्या पोटात, खाली तारीख लिहून. आणि लिंक आधी स्वतःच्याच नंबरवर पाठवून बघा. व्हॉट्सॲपमधला तो छोटा फोटो पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन मेसेजसोबत जातो. एकदा ग्रुपवर पडला की नंतर साइटवर कितीही दुरुस्त्या करा, त्या मेसेजमध्ये छपरं बुडालेलीच राहतात.