काकडीवर केवडा आला? फवारणीआधी लेबल वाचा

मुरबाडला आमची वीस गुंठे काकडी, माल वाशीच्या मार्केटला. पावसाने झड लावली की केवडा हा पानांचा रोग येतोच. पानावर शिरांच्या मधोमध पिवळे कोनाकृती डाग आणि पान उलटलं की राखाडी-जांभळट बुरशी. पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, तो दुसरा रोग, औषध वेगळं.

दुकानदार म्हणेल, "द्राक्षवाले हेच मारतात." मारू देत. लेबलवर काकडी आणि केवडा दोन्ही छापलेलं हवं. ही मंजुरी फरीदाबादची केंद्रीय नोंदणी समिती देते, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली, पीकवार. युरोपात रोग हाताबाहेर गेला, दुसरा उपाय उरला नाही, तर मंजुरी नसलेल्या औषधालाही आपत्कालीन परवानगी मिळते. पण तीही 120 दिवसांपुरती, ठरलेल्या वापरासाठीच. व्हॉट्सॲपवर "तिकडे चालतं" असं वाचून इथे फवारू नका.

मात्रा हेक्टरी छापतात, तिथेच आपण चुकतो. समजा 500 लिटर पाण्याला 500 मिली, तर 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. झाकणाने अंदाजे ओतायचं नाही. मी एकदा तसं केलं आणि कोवळे शेंडे करपवले.

मग प्रतीक्षा कालावधी बघा, म्हणजे फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. काकडी एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणून आधी तोडा, मग फवारा. मुदतीच्या आत तयार झालेली फळं तोडून टाकायची, गाडीत भरायची नाहीत. जीव तुटतो, मान्य.

पुढच्या फवारणीला औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध घ्या, नुसतं कंपनीचं नाव बदलून नव्हे. पक्कं बिल जपून ठेवा.